रॉबर्टसन काउंटीचं दप्तर: तेल-वायूच्या नव्या लीजवर नजर कशी ठेवावी

एप्रिल २०२२ मध्ये टेक्सासच्या रॉबर्टसन काउंटीत कॉमस्टॉक रिसोर्सेस या कंपनीची ‘सर्कल एम’ ही आडवी (खाली जाऊन खडकात आडवी वळणारी) विहीर वाहती झाली. सुरुवातीचा प्रवाह रोज ३ कोटी ७० लाख घनफूट वायूचा होता. हेन्सव्हिल खडकाचा नावाजलेला पट्टा लुइझियानाच्या सीमेवर आहे. तिथून शंभर मैलांहून जास्त पश्चिमेला, १५ हजार फुटांच्याही खाली एवढा वायू मिळाल्यावर या भागाला ‘वेस्टर्न हेन्सव्हिल’ हे नाव चिकटलं आणि शेजारच्या लिऑन आणि त्यापलीकडच्या फ्रीस्टोन काउंटीपर्यंत धावपळ सुरू झाली.

खनिज हक्क असलेल्यांसाठी मात्र ही बातमी उशिराची होती. विहिरीत ड्रिल उतरण्याआधी तिच्या वाटेवरची आणि आजूबाजूची खनिजं लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या खोदाई करारावर, बांधून घ्यावी लागतात. ते कागद फ्रँकलिन या काउंटीच्या मुख्य गावी काउंटी क्लार्ककडे नोंदवले जातात आणि कुणीही ते पाहू शकतो. विहिरीची बातमी येईपर्यंत आजूबाजूची कितीतरी लीज साध्या बोनसवर (सहीबद्दल मिळणाऱ्या एकरकमी रकमेवर) सही होऊन गेलेली असते. म्हणून नजर ठेवायची ती बातम्यांवर नाही, दप्तरावर. हे दप्तर वाचायचं कसं आणि ते कुठे दिशाभूल करतं, ते या काउंटीच्या निमित्ताने पाहू.

मराठी वाचकाला आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी लागते. भारतात शेताखालचं तेल आणि वायू खातेदाराचे नसतात, सरकारचे असतात. टेक्सासमध्ये ते खासगी मालकीचे असतात आणि वरच्या जमिनीपासून वेगळे काढून विकता, राखून ठेवता किंवा वारसाने वाटून देता येतात. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडची मराठी कुटुंबं या भागात २०-५० एकर घेतात, तेव्हा खरेदीखतात मागच्या मालकाने खनिजं राखून ठेवलेली असण्याची शक्यता बरीच असते. तसं असेल तर लीजचा बोनस तुमचा नाही, पण खनिज मालकाकडून लीज घेणाऱ्याला तुमच्या जमिनीचा वाजवी वापर करायचा हक्क मात्र आहे. म्हणजे दोन्ही प्रकारच्या मालकांनी दप्तर पाहायला हवं; एकाने पैशासाठी, दुसऱ्याने रस्ता, पॅड (विहिरीसाठी सपाट केलेली जागा) आणि पाइपलाइन कुठे येणार हे कळावं म्हणून.

दुसरी गोष्ट: इथे सातबारा नाही. एका गटाचा आजचा मालक कोण, हे सांगणारा सरकारी उतारा कुठेच मिळत नाही. असते ती फक्त देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांची सूची, आपल्या ‘इंडेक्स टू’च्या जवळपास जाणारी. तिच्यातून खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि वारसांची प्रतिज्ञापत्रं जोडत मालकी स्वतः उभी करावी लागते. करपत्रकातही खनिज मालक सापडतोच असं नाही, कारण उत्पादन सुरू होईपर्यंत टेक्सासमध्ये खनिजांवर मालमत्ता कर लागत नाही.

हिशेबासाठी एक उदाहरण धरू. ३२० एकरांचा एक तुकडा आहे. १९५० च्या आसपास विकताना आजोबांनी निम्मी खनिजं राखली. आज वारस पाच, सारख्या वाट्याचे. ३२० चे निम्मे १६०, त्याचा पाचवा हिस्सा ३२. म्हणजे प्रत्येकाकडे ३२ ‘निव्वळ खनिज एकर’. बोनस नेहमी निव्वळ एकरावर मिळतो. एकरी ५०० डॉलर धरले तर एका वारसाला १६,००० डॉलर, ३२० एकरांचे नाहीत. लीज मागणाऱ्या पत्रात ‘तुमच्या ३२० एकरांसाठी’ असं वाचून भुलणारे आणि नंतर भांडणारे वारस नेहमीचेच.

जुन्या खतात ‘एक-अष्टमांशाचा निम्मा’ अशी दुहेरी अपूर्णांकाची भाषा असेल तर १/१६ असा गुणाकार करून मोकळं होऊ नका. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये व्हॅन डाइक विरुद्ध नॅव्हिगेटर या खटल्यात सांगितलं, की त्या काळच्या खतांत ‘१/८’ हा शब्दप्रयोग बहुधा संपूर्ण खनिज संपत्तीसाठी वापरला जाई, त्यामुळे उलट पुरावा नसेल तर त्या भाषेचा अर्थ निम्मी खनिजं असा धरायचा. ३२ एकरांचे ४ होतात की ३२ राहतात, हे त्या एका ओळीवर ठरतं.

जागा ओळखायची कशी

रॉबर्टसन हा मेक्सिकन काळातल्या वसाहतीचा मुलुख. स्टर्लिंग रॉबर्टसनच्या वसाहतीतल्या जमीन-देणग्या लीग आणि लेबर या मापांत दिलेल्या आहेत. एक लीग ४,४२८ एकरांची, एक लेबर १७७ एकरांचं. पश्चिम टेक्सासात रेल्वे कंपन्यांच्या सर्वेक्षणामुळे ६४० एकरांचे चौकोनी सेक्शन मिळतात. इथे नद्यानाल्यांना लागून वाकडेतिकडे तुकडे मिळतात आणि सीमा ‘वारा’ या मापात, म्हणजे ३३⅓ इंचांच्या पटीत, लिहिलेल्या असतात. प्रत्येक मूळ सर्वेक्षणाला काउंटीत एक ॲब्स्ट्रॅक्ट क्रमांक असतो, ‘ए’ अक्षर आणि पुढे आकडा. नजर ठेवायची ती याच क्रमांकावर. आपला तुकडा कोणत्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये पडतो ते जुन्या खतातून काढा. मग रेलरोड कमिशनच्या (नाव रेल्वेचं असलं तरी टेक्सासातल्या तेल-वायूवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या) सार्वजनिक नकाशावर त्याच्याभोवतीचे सगळे ॲब्स्ट्रॅक्ट टिपून घ्या. दहा-बारा क्रमांकांची ही यादी म्हणजे तुमचं पहारा द्यायचं क्षेत्र. आडव्या विहिरीचा आडवा भाग दीड-दोन मैल सहज जातो, त्यामुळे निदान तीन मैलांचा घेर ठेवा.

दप्तरात काय शोधायचं

काउंटी क्लार्कची सूची ऑनलाइन पाहता येते; टेक्सासफाइलसारख्या सेवाही आहेत, तिथे प्रत पानामागे पैसे भरून उतरवता येते. क्लार्ककडून साधी प्रत पानाला १ डॉलरने मिळते. सूची वाचून नेमकी कागदपत्रंच विकत घ्यावीत, नाहीतर खर्च हाताबाहेर जातो.

पहिलं काम आजचं नाही, मागचं आहे. आधीच्या दहा वर्षांत तुमच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये दर तिमाहीला किती लीज नोंदल्या गेल्या, तो आकडा काढून ठेवा. तो नसेल तर ‘या महिन्यात नऊ लीज झाल्या’ या वाक्याला काही अर्थ नाही. रॉबर्टसनमध्ये २००५ नंतरची काही वर्षं डीप बॉसियर या खोल वायू-थराची तेजी होती. अमोरुसो क्षेत्र तेव्हाचंच. एनकाना कंपनीने २००७ मध्ये लिओर एनर्जीचा हिस्सा २५५ कोटी डॉलरला विकत घेतला होता. त्या दहा वर्षांच्याही मागे जाऊन ती उसळी मोजणीत घेतली तर सरासरी फुगते आणि आजची वाढ किरकोळ वाटते.

त्यानंतर आठवड्यातून एकदा सूची पाहायची. शोध तीन प्रकारे करावा लागतो: कागदाच्या प्रकाराने, घेणाऱ्याच्या नावाने आणि ॲब्स्ट्रॅक्ट क्रमांकाने. फक्त क्रमांकावर विसंबलात तर निम्मं निसटेल, कारण कित्येक कागदांच्या सूचीत जमिनीच्या रकान्यात ‘सोबतचं परिशिष्ट पाहा’ एवढंच असतं. कागदाचा प्रकारही क्लार्कच्या नोंदीप्रमाणे बदलतो: तेल-वायू लीज, लीजचं मेमोरँडम (सारांश), मुदतवाढ, दुरुस्ती, आणि कधी नुसतं ‘इतर’. या काउंटीत आणखी एक गुंता आहे. इथे लिग्नाइट कोळशाच्या खाणी आहेत. ‘लीज’ एवढाच शब्द शोधला की कोळशाचे आणि सौर प्रकल्पांचे करारही त्याच जाळ्यात येतात. कागद उघडून कोणत्या खनिजाचा आहे ते पाहिल्याशिवाय तो मोजू नका.

लीजच्या आधी येणारे कागद ओळखायला शिकलं, तर काही महिने हाताशी मिळतात. आधी जमिनीखालचे थर पाहणाऱ्या त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणाचे परवाने दिसतात, काही परवान्यांत लीजचा पर्याय आधीच लिहिलेला असतो. मग वारसांची प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्याने नोंदली जातात. एकाच आडनावाची, पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाची प्रतिज्ञापत्रं एकाएकी दप्तरात आली, तर कुणीतरी लँडमन (कंपन्यांसाठी मालकी तपासून लीज जमवणारा) त्या तुकड्याची मालकी जुळवतो आहे असं समजा. त्याच सुमारास खनिज खरेदीखतंही वाढतात. लीज घेणाऱ्यापेक्षा खनिजं कायमची विकत घेणारा जास्त घाईत असतो, आणि त्याची घाई हीच तुमच्यासाठी खूण आहे.

या खरेदीदारांची पत्रं ड्राफ्टसकट येतात. टेक्सासच्या मालमत्ता संहितेचं कलम ५.१५१ सांगतं, की टपालाने असं खत आणि ड्राफ्ट पाठवणाऱ्याने ‘ही सही करून तुम्ही तुमचा खनिज किंवा रॉयल्टी हक्क विकत आहात’ (रॉयल्टी म्हणजे उत्पादनातला वाटा) अशा अर्थाची सूचना ठळक १४ पॉइंट अक्षरांत दिलीच पाहिजे. पत्र आलं की आधी ती ओळ शोधा. ती असेल तर कागदाचं शीर्षक काहीही असो, ती विक्री आहे.

एक मेमोरँडम जवळून

पूर्ण लीज क्वचितच नोंदवतात. नोंदला जातो तो दोन-तीन पानांचा सारांश. त्यात दोन्ही पक्षांची नावं, लीजची तारीख, मूळ मुदत, मुदतवाढीचा पर्याय असल्यास तो, आणि परिशिष्टात जमिनीचं वर्णन असतं. बोनस नसतो, रॉयल्टीचा टक्का नसतो. टेक्सासचा कायदा (मालमत्ता संहितेचं कलम १३.००१) न नोंदलेल्या कागदाला पुढच्या प्रामाणिक खरेदीदारासमोर किंमत देत नाही, म्हणून कंपनीला नोंद करावीच लागते, पण किती उघड करायचं ते तिच्या हातात असतं.

त्या पानांवर तीन तारखा असतात आणि त्या तिन्ही टिपायच्या. एक लीज लागू होण्याची, दुसरी नोटरीसमोर सही झाल्याची, तिसरी क्लार्कच्या शिक्क्याची. लागू झाल्याची तारीख आणि शिक्का यांतलं अंतर म्हणजे तुमच्या माहितीची शिळेपणाची मुदत. हे अंतर आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत असू शकतं, आणि त्याचं कारण पैसे देण्याच्या रीतीत आहे. लीजचा बोनस बहुतेकदा ‘मालकी तपासून मंजूर झाल्यास’ या अटीच्या ड्राफ्टने देतात. मुदत पंधरा, तीस किंवा त्याहून जास्त बँक-दिवसांची. भारतातला डिमांड ड्राफ्ट म्हणजे आधीच भरलेले पैसे. हा तसा नाही. कंपनीने मंजुरी दिली नाही तर तो न वटता परत जातो. तोवर सही केलेली लीज ब्रोकरच्या कपाटात असते. मालकी तपासून झाली की गठ्ठा एकदम नोंदवतात. त्यामुळे एकाच दिवशी वीस मेमोरँडम दिसले, तर लीजची मोहीम आज सुरू झाली असं नाही. ती तीन-चार महिन्यांपूर्वीच सुरू झाली होती. तुमची तालिका शिक्क्याच्या तारखेवर नाही, लागू तारखेवर मांडा, मग लाट खरी कधी उठली ते दिसेल.

मोजताना सर्वांत मोठी चूक एकरांची होते. वरच्या उदाहरणातले पाचही वारस वेगवेगळं मेमोरँडम करतील आणि प्रत्येकाच्या परिशिष्टात तेच ३२० एकर असतील. बेरीज केली तर १,६०० एकर लीजवर गेले असं दिसेल. जमीन ३२० च आहे, आणि खनिजांचा उरलेला निम्मा हिस्सा अजून मोकळा आहे. म्हणून तालिकेत कागद नव्हे, तुकडा ही एक ओळ धरा. प्रत्येक तुकड्यापुढे कोणत्या वारसाने कधी सही केली, मुदत किती, खोलीची मर्यादा आहे का, आणि नोंदीचा क्रमांक, एवढं पुरतं.

भावंडांच्या नावाने शोध चालू ठेवणंही तितकंच गरजेचं. टेक्सासमध्ये सहमालक इतरांना न विचारता आपला हिस्सा लीजवर देऊ शकतो, आणि त्या एका लीजच्या जोरावर कंपनी विहीर खोदू शकते. सही न केलेल्याला रॉयल्टी नाही, खर्च वळता झाल्यावर उरलेल्या नफ्यातला वाटा मिळतो. १५ हजार फुटांखालच्या विहिरीचा खर्च वसूल व्हायला बराच काळ जातो. चुलतभावाने सही केली हे सहा महिन्यांनी दप्तरातून कळण्यापेक्षा आधीच एकमेकांना फोन केलेला बरा.

नाव एकाचं, लीज दुसऱ्याची

मेमोरँडमवर मोठ्या कंपनीचं नाव शोधणाऱ्याला पहिल्या वर्षी काहीच सापडत नाही. लीज घेतं एखादं अनोळखी एलएलसी (छोटी खासगी मर्यादित कंपनी), पत्ता फोर्ट वर्थ किंवा टायलरचा. भाव चढू नये म्हणून असं करतात. खरा घेणारा कळतो तो हस्तांतरणाच्या कागदातून, आणि त्या कागदाला लांबलचक परिशिष्ट असतं: शंभर-दोनशे लीजची यादी, नोंदीच्या क्रमांकांसकट. हा एक कागद सापडला तर पानांचे पैसे अजिबात वाचवू नका. त्या यादीतल्या लीज नकाशावर मांडल्या की कंपनीच्या डोक्यातला पट्टा समोर येतो, आणि तुमचा तुकडा त्याच्या मध्यावर आहे की काठावर, तेही. त्याआधी अंदाज बांधायचा असेल, तर मेमोरँडमच्या पहिल्या पानावरचा ‘नोंदीनंतर परत पाठवा’ हा पत्ता आणि नोटरीचा जिल्हा पाहा. वेगवेगळ्या तीन एलएलसींचे कागद एकाच पत्त्यावर परत जात असतील, तर त्या तिघी एकाच कामाच्या.

वेस्टर्न हेन्सव्हिलची खरी अडचण मात्र नव्या लीजमध्ये नाही, जुन्यांत आहे. या काउंटीतल्या कित्येक एकरांवर कॉटन व्हॅली आणि बॉसियर या वरच्या थरांतल्या जुन्या विहिरी अजून थोडाथोडा वायू देतात, आणि लीजमध्ये खोलीची मर्यादा घातलेली नसेल तर तेवढ्या उत्पादनावर पाताळापर्यंतचे सगळे थर धरून ठेवलेले असतात. अशा ठिकाणी नवी कंपनी मालकाकडे येतच नाही. ती जुन्या कंपनीकडून खोल थरांचे हक्क हस्तांतरणाने घेते. मालकाला बोनस मिळत नाही आणि लीज मोजणाऱ्याला तो भाग थंड दिसतो. २०२४ च्या सुरुवातीला कॉमस्टॉकचं या पट्ट्यातलं क्षेत्र साडेचार लाख निव्वळ एकरांच्या पुढे गेलं. एवढी भर नुसत्या एकेका लीजने पडत नाही. म्हणून ‘अमुक फुटांखालचे सर्व हक्क’ अशी भाषा असलेली हस्तांतरणं वेगळ्या रकान्यात टिपा.

आपला तुकडा असाच अडकलेला वाटत असेल, तर जुनी लीज काढून तिच्यात प्यू कलम (उत्पादन देणाऱ्या विहिरीच्या क्षेत्राबाहेरची जमीन मोकळी करणारं) किंवा विहिरीच्या खोलीखालचे थर सोडून देण्याचं कलम आहे का ते पाहा. असेल, तर खोल थर मोकळे झालेले असू शकतात, आणि ते कुणी आपणहून सांगायला येणार नाही. रेलरोड कमिशनच्या नोंदीत त्या जुन्या विहिरीचं महिन्याचं उत्पादन दिसतं. ते सलग काही महिने शून्य असेल, तर कागद घेऊन तेल-वायूच्या वकिलाकडे जायची वेळ झाली.

रेलरोड कमिशन आणि भाव

कमिशनचं काम दप्तराच्या नोंदींना पुष्टी देण्याचं. डब्ल्यू-१ या अर्जातून खोदाईचा परवाना मिळतो. काउंटी रॉबर्टसन, विहिरीचा प्रकार आडवा, आणि मागचा आठवडा एवढे निकष लावून शोध घ्या. प्रस्तावित खोली पाहिली की थर कळतो, सोबतच्या नकाशावर आडव्या भागाची वाट दिसते. परवान्याची मुदत दोन वर्षांची असते. परवाना निघाला म्हणजे विहीर होणारच असं नाही. या काउंटीतल्या विहिरींचा एपीआय क्रमांक (प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक) ४२-३९५ ने सुरू होतो, लिऑनचा ४२-२८९ ने. नकाशावर नवी विहीर नेमकी कोणत्या बाजूची ते यावरून चटकन समजतं. परवान्याच्या आगेमागे दप्तरात रॉयल्टीधारकांची संमतिपत्रं आणि एकत्रित युनिटची (एका विहिरीसाठी जोडलेल्या तुकड्यांची) घोषणा येते, त्यानंतर पाइपलाइनचे वहिवाट हक्क. कॉमस्टॉकने २०२३ च्या शेवटी क्वांटम कॅपिटलसोबत पाइपलाइनसाठी पिनॅकल गॅस सर्व्हिसेस उभी केली, तेव्हा एखाद-दुसऱ्या प्रायोगिक विहिरीच्या पलीकडचा बेत उघड झाला होता.

भाव मात्र दप्तरात नसतो, तो बाहेरून गोळा करावा लागतो. शेजारच्या चार मालकांना विचारा, आणि बोनससोबत रॉयल्टी, मुदत, मुदतवाढीची रक्कम हेही विचारा. एक-चतुर्थांश रॉयल्टी आणि कमी बोनस हे एक-पंचमांश रॉयल्टी आणि जास्त बोनसपेक्षा बहुधा बरं, विहीर होणार असेल तर. काही जुन्या लीज अजून पूर्ण नोंदलेल्या सापडतात. त्यांतल्या अटी उतरवून ठेवा, वाटाघाटीत ‘आम्ही असं कलम कुणालाच देत नाही’ हे वाक्य ऐकू आलं की त्या कामी येतात. वायूच्या बाजारभावावरून लीजचा भाव ताडू नका. हेन्री हबचा, म्हणजे अमेरिकेतल्या वायूचा मापदंड मानला जाणारा, भाव २०२२ च्या ऑगस्टमध्ये ९ डॉलरच्या वर होता आणि २०२४ च्या फेब्रुवारीत २ डॉलरच्या खाली. त्या पडत्या भावात कॉमस्टॉकने लाभांश थांबवला, इतरत्र रिग कमी केल्या, पण या पट्ट्यातलं खोदकाम चालू ठेवलं. कारण लीजची मुदत बाजारासाठी थांबत नाही.

म्हणूनच तालिकेत मुदतीचा रकाना सर्वांत जास्त उघडला जातो. मार्च २०२१ ची, तीन वर्षं अधिक दोन वर्षांच्या पर्यायाची लीज मार्च २०२४ मध्ये पर्यायाची रक्कम मागते आणि मार्च २०२६ मध्ये संपते. दर लीजपुढे या दोन्ही तारखा लिहा आणि त्यांच्या सहा महिने आधीपासून तो ॲब्स्ट्रॅक्ट जास्त बारकाईने पाहा. शेजारच्या लीजना मुदतवाढीचे कागद आले का? कुणा तिसऱ्याने, जुनी लीज संपताच लागू होईल अशी वरची लीज घेतली का? युनिटच्या घोषणेत तुमचा तुकडा शेवटच्या आठवड्यात ओढला गेला का? त्या युनिटमध्ये मुदतीच्या आत खोदकाम सुरू झालं असेल, तर कमिशनच्या नोंदीत त्याची तारीख मिळते. काहीच झालं नसेल, तर मुदत संपल्यावर कंपनीला लेखी पत्र पाठवून मुक्ततापत्र मागा आणि ते हातात आलं की क्लार्ककडे नोंदवून घ्या. ते नोंदलं नाही तर पुढच्या लँडमनला सूचीत तुमचा तुकडा बांधलेलाच दिसतो, आणि तो शेजाऱ्याच्या दारात जातो.